हिवाळ्याने ठरवलेली उन्हाळी वाट

उन्हाळ्यात गुरे डोंगरावर, थंडीत पायथ्याशी. भूगोलाच्या तासाला हंगामी स्थलांतर आपण असे एका वाक्यात शिकवून पुढे जातो. पण वर किती गुरे न्यायची, हे कोण ठरवते? अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, ग्रीन नदीच्या वरच्या खोऱ्यात या प्रश्नाचे उत्तर बघायला मिळते.

हा मुळात शोशोनी लोकांच्या शिकारीचा मुलूख. १८६८च्या करारानंतर त्यांना विंड रिव्हरच्या राखीव भागापुरते राहावे लागले आणि १८७०च्या दशकाच्या अखेरीस गोऱ्या वसाहतवाल्यांची गुरे येथे आली. जमीन सरकारची, पण गवत मात्र ज्याची गुरे आधी पोचतील त्याचे! हिवाळ्यासाठी चारा साठवण्याची पद्धत फारशी नव्हती. १८८६-८७च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या मैदानांत लाखो गुरे उपासमारीने व थंडीने मेली. १८८९-९०च्या हिवाळ्यात या खोऱ्यावरही तीच पाळी आली.

यातून जे वाचले ते एक गोष्ट शिकले. हिवाळ्यात गुरे जगवायची तर गवत कापून, वाळवून गंजी रचायला हवी. पण गवत वाढायचे ते नदीकाठच्या कुरणात, आणि तेही उन्हाळ्यातच. त्या काळात गुरे तेथे चरत राहिली तर कापायला काय उरणार? म्हणून गुरांना कुरणाबाहेर काढणे भाग पडले. १८९६च्या सुमारास वसंतात खालच्या रखरखीत माळावर आणि उन्हाळ्यात डोंगरातल्या जंगलात गुरे नेण्याची वाट रुळली. तिला ‘ग्रीन रिव्हर ड्रिफ्ट’ म्हणतात. मुख्य वाट सुमारे ५८ मैलांची, म्हणजे ९३ किलोमीटरची आहे.

या प्रवासाला निसर्गाचीही साथ असते. गवत कोवळे असताना त्यात प्रथिने भरपूर असतात. ते जून झाले की तंतू वाढतात आणि पोषण घटते. डोंगरावर बर्फ उशिरा वितळते, म्हणून खालचे गवत जून होत असताना वर कोवळे गवत फुटत असते. गुरे जणू वसंत ऋतूच्या मागोमाग चढत जातात. शरद ऋतूत बर्फ पडू लागले की बरीच गुरे आपणहून खाली उतरू लागतात. ‘ड्रिफ्ट’ म्हणजे असे वाहत येणे. खाली ती अडवून डागावरून ज्याची त्याला वेगळी काढून देतात.

आता मोजदादीचा प्रश्न. १९०५ मध्ये अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली आणि १९०६पासून राष्ट्रीय वनांत चराईसाठी परवाना व शुल्क लागू झाले. यावर मोठी ओरड झाली. कोलोरॅडोतल्या फ्रेड लाइट याने परवाना न घेताच गुरे सोडली. सरकारने कुंपण घातलेले नाही, मग अडवणार कसे, असा त्याचा युक्तिवाद होता. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कुंपण नसले तरी जमिनीला मालक आहे, आणि तो मालक म्हणजे सगळी जनता, हे त्यातून पक्के झाले. जंगलाबाहेरच्या सरकारी माळांसाठी १९३४ मध्ये टेलर चराई कायदा आला.

परवाना देताना वनसेवा एक गोष्ट पाहत असे: या माणसाच्या स्वतःच्या जमिनीवर एवढी गुरे हिवाळाभर पोसता येतील का? स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा नियमही असाच आहे. जेवढ्या गाई हिवाळ्यात पोसाल, तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्या, असे १५१७ मध्येच त्या गावाने ठरवले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात हे उदाहरण दिले आहे. सामाईक कुरण उजाड होणारच, असे १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडले होते. टोर्बेलचे कुरण मात्र टिकले, कारण तेथे नियम होता आणि तो साऱ्यांना मोजून पाहता येत होता.

२०१३ मध्ये ‘ड्रिफ्ट’ची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. वाद मात्र संपलेले नाहीत. त्या डोंगरात ग्रिझली अस्वले आहेत, ती वासरे मारतात. मग जंगल आधी कोणाचे, हा खटल्यांचा विषय होतो. पूर्वी मोजायची होती ती फक्त गुरे. आता त्याच हिशेबात अस्वलेही धरावी लागतात.

वर्गात हे गणित जरूर घालावे. एक गाय आणि तिचे वासरू महिनाभर जेवढे खातात, ते तेथे चराईचे एक माप धरतात. २०० गाई वासरांसह ४ महिने डोंगरावर राहिल्या तर ८०० मापे झाली. मग मुलांना विचारावे: आपल्या गावच्या गायरानात अशी किती मापे निघतील, आणि ती कोणी मोजायची?