कापराची काजळी आणि उल्हासचें पाणी

कापूर जळाला म्हणजे मागें कांहीं उरत नाहीं, अशी आपली जुनी समजूत आहे. एखादी वस्तु निःशेष नाहींशी झाली, असें सांगावयाचें असलें कीं उपमा कापराचीच सुचते. परंतु जळत्या कापरावर क्षणभर थंड ताटली धरून पाहावी. तिच्यावर काळा, मऊ थर बसतो. म्हणजे कापूर नाहींसा झालेला नसतो; त्याचा कांहीं अंश अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें हवेंत मिसळत असतो. या काजळीनें गेल्या तीस वर्षांत रसायनशास्त्राच्या इतिहासाला एक लहानसें प्रकरण जोडलें, आणि त्याचीं कांहीं पानें पवई, कल्याण व अंबरनाथ येथें लिहिलीं गेलीं. त्या प्रकरणाची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील लोकांच्या पाण्याशीं आणि श्वासाशीं तिचा निकटचा संबंध आहे.

प्रथम मापाविषयीं दोन शब्द. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यांपैकीं एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या डोक्याचा केस सुमारें ऐंशीं हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. ज्या कणांचा आकार एकापासून शंभर नॅनोमीटरपर्यंत असतो, त्यांच्या शास्त्राला नॅनोतंत्र हें नांव आहे. वस्तु इतकी लहान झाली कीं तिचा स्वभाव पालटतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा सहा चौरस सेंटिमीटर असतो; त्याच घनाचे एकेक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर त्या सर्वांचा पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारें दीड एकर भरतो. रासायनिक क्रिया घडते ती पृष्ठभागावर. तेव्हां गुंजभर धातूनें मोठें काम होऊं लागतें यांत नवल नाहीं. सोन्याचा पिवळा रंगहि या अवस्थेंत टिकत नाहीं; तें माणकासारखें लाल दिसतें.

हें लाल सोनें शास्त्रीय रीतीनें प्रथम अभ्यासिलें तें मायकेल फॅरडेनें, १८५७ सालीं लंडन येथें. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया घडवून त्यानें तांबूस द्रव तयार केला, आणि त्यांत सोनें विरघळलेलें नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें तरंगत आहे, असें प्रतिपादिलें. त्याच्या कांहीं कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अजून जपून ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे सुवर्णभस्माची परंपरा याहून पुष्कळ जुनी आहे, आणि २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत अशा भस्मामध्यें सरासरी ५६-५७ नॅनोमीटरचे सुवर्णकण आढळलेहि. परंतु एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्र अवगत होतें, असें म्हणणें योग्य होणार नाहीं. त्यांना कृति ठाऊक होती. कण मोजण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. तें साधन विसाव्या शतकांत आलें. १९५९ च्या डिसेंबरांत रिचर्ड फाइनमन यांनीं कॅलिफोर्नियांतील एका व्याख्यानांत एकेक अणु हालवून वस्तु घडविण्याची कल्पना मांडली. १९७४ मध्यें जपानचे नोरिओ तानिगुची यांनीं नॅनोतंत्र हा शब्द योजिला. आणि १९८१ मध्यें अणूंचें चित्र दाखविणारा सूक्ष्मदर्शक सिद्ध झाला.

यापुढें या शास्त्राची भरभराट झाली, परंतु तिच्या पोटांत एक विसंगति होती. ज्या कणांनीं पाणी शुद्ध करावयाचें आणि रोग बरे करावयाचे, ते कण तयार करण्यासाठींच हायड्रॅझीन किंवा सोडियम बोरोहायड्राइड यांसारखीं तीव्र द्रव्यें आणि टोल्यूइनसारखे द्रावक वापरावे लागत. एका ठिकाणचें पाणी स्वच्छ करावें आणि त्यासाठीं दुसऱ्या ठिकाणचें नासवावें, असा तो व्यवहार होता. १९९८ मध्यें पॉल अनास्टास व जॉन वॉर्नर यांनीं हरित रसायनशास्त्राचीं बारा तत्त्वें मांडलीं. त्यांतील पहिलेंच तत्त्व सांगतें कीं, घाण निर्माण करून मग ती निस्तरण्यापेक्षां ती मुळांतच निर्माण होऊं देऊं नये. हरित नॅनोतंत्राचा उगम या विचारांत आहे.

या विचाराला प्रत्यक्ष रूप देण्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी यांनीं २००१ मध्यें एका बुरशीकडून चांदीचे नॅनोकण तयार करवून घेतले. पुढें त्यांनीं वनस्पतींचा आधार घेतला. २००४ मध्यें त्यांनीं गवती चहाच्या अर्कानें सोन्याचे चपटे, त्रिकोणी कण बनविले, आणि त्याच वर्षीं कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कानेंहि सोन्या-चांदीचे कण मिळविले. पानांतील शर्करा व तत्सम द्रव्यें धातूच्या क्षाराचें धातूंत रूपांतर करतात, आणि पानांतीलच कांहीं द्रव्यें कणांभोंवतीं आवरण घालून त्यांना एकमेकांस चिकटूं देत नाहींत. ज्यासाठीं विषारी रसायनें लागत, तें काम परसांतील झाडांनीं साध्या पाण्यांत करून दाखविलें.

याहि आधीं, १९९४ मध्यें, पवईच्या आयआयटींत डॉ. महेश्वर शेरॉन व त्यांचे सहकारी यांनीं कापरापासून फुलरीन नांवाचे कार्बनचे पोकळ, चेंडूसारखे रेणु मिळविल्याचें प्रसिद्ध केलें होतें. हा शोध महत्त्वाचा कां, तर अशा कामीं खनिज तेलापासून निघणारीं द्रव्यें वापरण्याची वहिवाट होती. कापूर हा वनस्पतिज आहे. तो कापराच्या झाडापासून निघतो, किंवा आज बहुधा होतें त्याप्रमाणें पाइन वृक्षाच्या टर्पेंटाइनपासून बनतो. त्याची वाफ हवेवांचून तापविली आणि सोबतीला लोखंडाचे कण असले, तर कार्बनच्या सूक्ष्म नळ्याहि तयार होतात. तीर्थाशेजारीं ठेवलेली वडी आणि आधुनिक विद्युत्‌साधनांत लागणारें द्रव्य यांचें नातें असें जुळलें.

डॉ. शेरॉन यांनीं पुढें हें कार्य कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयांतील संशोधन केंद्रांत, आणि त्यानंतर डॉ. माधुरी शेरॉन यांच्यासह अंबरनाथनजीक जांभूळ फाट्याजवळच्या एका महाविद्यालयांतील एन.एस.एन. संशोधन केंद्रांत चालविलें. या केंद्रानें २०१३ मध्यें शिंगाड्याच्या सालींपासून कार्बनचे पांच ते दहा नॅनोमीटरचे बिंदु तयार केले. आपण शिंगाड्याचें पीठ उपासाला घेतों आणि साल टाकून देतों. त्या सालीच्या अर्कापासून निघालेले हे बिंदु अतिनील प्रकाशांत हिरवे चमकतात, आणि जिवंत पेशींना त्यांची फारशी बाधा होत नाहीं, असें प्रयोगांत दिसलें. पुढच्याच वर्षीं तेथील संशोधकांनीं डिंकापासून असे बिंदु करून त्यांच्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन हें जंतुनाशक औषध बसविलें. औषध हळूहळू सुटावें आणि तें कोठें पोंचलें हें प्रकाशावरून दिसावें, असा त्यांत दुहेरी हेतु होता. महानगराच्या कडेला असलेल्या महाविद्यालयांत, घरगुती जिनसांच्या साह्यानें हें काम झालें, ही गोष्ट अभिमानाची आहे.

परंतु हें काम ज्या भूमींत झालें, तिचा इतिहास ध्यानांत घेतल्यावांचून त्याचा खरा अर्थ कळणार नाहीं. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणला पोंचली. लोहमार्ग, मुंबईचें सान्निध्य आणि उल्हास नदीचें पाणी या तीन गोष्टींमुळें कारखान्यांचा ओघ इकडे वळला. शहाड व मोहने येथें रेयॉनचे मोठे कारखाने निघाले. फॅरडेनें आपल्या लाल सोन्यासाठीं फॉस्फरस ज्या कार्बन डायसल्फाइडमध्यें विरघळविला होता, तें विषारी द्रव्य या धाग्यालाहि लागतें. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. ठाण्याची वागळे इस्टेट, ठाणें-बेलापूर रस्त्यावरची वसाहत, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर असा रंग, औषधें व रसायनें यांचा पट्टा पसरत गेला. त्यानें लाखों कुटुंबांना अन्न दिलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु कारखान्यांतून बाहेर जाणारें पाणी कोठें जातें, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणी विचारला नाहीं. नदी मोठी आहे, खाडी त्याहून मोठी आहे, समुद्राला तर अंत नाहीं. जें टाकलें तें कापरासारखें नाहींसें होईल, हाच समज कामकाजाच्या मुळाशीं होता.

तो समज खोटा ठरला. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. २०१४ च्या जानेवारींत डोंबिवलींत हिरवा पाऊस पडला, आणि २०२० च्या फेब्रुवारींत तेथील औद्योगिक वसाहतींतला रस्ता गुलाबी झालेला लोकांनीं पाहिला. २०१६ च्या व २०२४ च्या मे महिन्यांत याच वसाहतींत भीषण स्फोट होऊन माणसें मृत्युमुखीं पडलीं. टाकलेलें द्रव्य ज्यांच्या अंगावर पाऊस होऊन परत आलें, त्या नागरिकांना नव्या रसायनाविषयीं कठोर प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

या संकटांत नॅनोतंत्र कांहीं साह्य करील काय? कांहीं अंशीं करील. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रानें भाताच्या तुसाच्या राखेचा जलशोधक तयार केला होता. तिच्यावर चांदीचे नॅनोकण बसवून २००९ च्या डिसेंबरांत टाटांनीं जो शोधक बाजारांत आणला, त्याची किंमत हजार रुपयांच्या आंत होती. वीज नको, नळाचा दाब नको, आणि एका भरण्यांत सुमारें तीन हजार लिटर पाणी निर्जंतुक व्हावें, अशी त्याची योजना होती. रंगाच्या पाण्यासाठीं टायटेनियम डायऑक्साइडचे कण उपयोगी पडतात. प्रकाशाच्या योगानें या द्रव्याकडून पाण्याचें विघटन होतें, हें जपानांत फुजिशिमा व होंडा यांनीं १९७२ मध्यें दाखविलें. त्याच गुणामुळें अतिनील प्रकाशांत रंगांचे रेणूहि तुटतात. अडचण अशी कीं, काम झाल्यावर ती सूक्ष्म भुकटी पाण्यांतून परत काढावी कशी? राखेला जखडलेली चांदी आणि पाण्यांत मोकळी सोडलेली भुकटी यांत जो भेद आहे, तोच या शास्त्रांतील सर्वांत महत्त्वाचा भेद होय.

याचें एक घरगुती उदाहरण देतों. पायमोज्यांना दुर्गंधि येऊं नये म्हणून कांहीं कारखानदार त्यांत नॅनोचांदी घालतात. २००८ मध्यें अमेरिकेंत असे मोजे नुसत्या पाण्यांत धुऊन पाहिले, तेव्हां कांहीं मोज्यांतील चांदी थोड्याच धुण्यांत पाण्याबरोबर निघून गेली. ती चांदी गटारांत, तेथून नदींत जाते, आणि जंतु मारण्याचा तिचा गुण तेथेंहि चालूच राहतो. नदीचें पाणी राखणारे उपकारक जंतु त्यांतून वगळले जात नाहींत. त्याच वर्षीं उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, कार्बनच्या लांब, ताठ नळ्या शरीरांत अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंसारखी दाहक क्रिया घडवितात. आतां या नळ्या कापरापासून केल्या म्हणून त्यांचा ताठपणा कमी होत नाहीं. चांदी कडुनिंबानें घडविली म्हणून ती माशाला ओळखीची होत नाहीं. शिवाय पानांतील रस ऋतूप्रमाणें पालटतो, त्यामुळें प्रत्येक घाण्याचे कण सारखे उतरत नाहींत; म्हणून मोठ्या प्रमाणावरील उत्पादन अवघड होतें.

आपल्या देशांत केंद्र सरकारनें २००७ मध्यें नॅनो मिशन सुरू केलें. नॅनो-औषधांच्या परीक्षणाचे मार्गदर्शक नियम २०१९ मध्यें, आणि शेती व अन्न यांतील नॅनो-पदार्थांचे २०२० मध्यें निघाले. म्हणजे उत्तेजन आधीं आलें आणि तपासणीचे नियम एका तपानंतर आले. औद्योगिक वसाहतींच्या बाबतींत क्रम असाच होता, आणि त्याची किंमत उल्हासकांठच्या लोकांनीं मोजली आहे.

श्रोतेहो, जांभूळ येथें औद्योगिक महामंडळाचें जलशुद्धीकरण केंद्र आहे, आणि त्याच परिसरांत शिंगाड्याच्या सालीचा प्रयोग झाला. पाण्याची शुद्धि आणि नव्या विद्येची उभारणी हीं कामें तेथें एकमेकांच्या शेजारीं झालीं. या शेजाराचा बोध आपण घेतला पाहिजे. हिरवेपणा पानावरून ठरत नाहीं. तो ठरतो कणाच्या जन्मापासून त्याच्या अखेरच्या मुक्कामापर्यंतच्या हिशेबावरून. यापुढें “नैसर्गिक” किंवा “नॅनो” अशी चिठ्ठी लावलेली वस्तु घरांत घेतांना सुज्ञ गृहस्थानें आणि गृहिणीनें दुकानदाराला एवढेंच विचारावें: ही धुतल्यावर, झिजल्यावर, टाकून दिल्यावर हिच्यांतलें द्रव्य कोठें जाणार? साठ वर्षांपूर्वीं हा प्रश्न पुरेशा लोकांनीं विचारला असता, तर उल्हासचें पाणी आज निराळें दिसलें असतें. नव्या विद्येला तो आरंभींच विचारण्याची संधि अजून आपल्या हातीं आहे.