सॅपेलो: शिंपल्यांचं बेट, आणि तिथे राहायचं कुणी?

आजच्या भागात आपण जाणार आहोत अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर, सॅपेलो नावाच्या बेटावर. लांबी साधारण १६ किलोमीटर. मुख्य भूमीवरून पूल नाही, फेरीबोटीनेच जावं लागतं. नकाशात एरवी आपली नजरही जाणार नाही असं हे बेट, पण गेल्या ४,००० वर्षांत इथे एकच भांडण वेगवेगळ्या रूपात चालू आहे: इथे राहायचं कुणी?

आधी भूगोल. सॅपेलो हे 'बॅरियर' बेट आहे. आपली मुंबईची सात बेटं खडकाची होती. हे बेट आहे वाळूचं. समुद्राने वाळू आणून टाकायची, वाऱ्याने तिचे ढिगारे करायचे, गवताने ते धरून ठेवायचे. अशी बेटं किनाऱ्याला समांतर उभी राहतात आणि लाटांचा मार स्वतः खातात. त्यांच्या पाठीमागे शांत पाणी आणि गवताळ खारी दलदल. आपल्याकडच्या खाजणासारखी समजा, फक्त खारफुटीच्या झाडांऐवजी मैलोन् मैल गवत. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा या दलदलीत अन्न आणते. म्हणून तिथे मासे, खेकडे आणि मुख्य म्हणजे कालवं भरपूर.

आता पहिला पुरावा बघू. बेटाच्या उत्तर भागात शिंपल्यांची तीन मोठी कडी आहेत. कडी म्हणजे अक्षरशः गोल. सर्वात मोठ्या कड्याचा व्यास सुमारे ९० मीटर, आणि काही ठिकाणी ते माणसाच्या डोक्याहून उंच. सगळं बांधकाम प्रामुख्याने कालवांच्या शिंपल्यांचं. १८७२ च्या सुमारास विल्यम मॅकिन्ली यांनी त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. १९ व्या शतकाच्या अखेरीस क्लॅरेन्स मूर यांनी तिथे खणून पाहिलं. पुढे रेडिओकार्बन पद्धत आली आणि वय कळलं: सुमारे ४,२०० वर्षं. त्याच सुमारास आपल्याकडे सिंधू संस्कृतीची शहरं नांदती होती आणि गोदावरीच्या खोऱ्यात दायमाबादला वस्ती पडत होती.

पण शिंपल्यांचा उकिरडा गोल का असेल? अभ्यासकांचं म्हणणं असं की लोक कड्यावर, गोलाकार राहत होते आणि मधली जागा मोकळी ठेवत होते. चौकासारखी. खाल्लेल्या कालवांचे शिंपले घराभोवती साचत गेले. काही थर मात्र एकदम पडलेले दिसतात, म्हणजे मोठ्या जेवणावळीही झाल्या असाव्यात. शिंपल्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून ती कालवं कोणत्या ऋतूत काढली हेही सांगता येतं. त्यातून दिसलं की इथे वर्षाच्या सगळ्या ऋतूंत माणसांचा वावर होता. शेती नाही, तरी स्थिर गाव! शिवाय मातीत झाडाचे तंतू मिसळून केलेली भांडी सापडली. उत्तर अमेरिकेतल्या सर्वात जुन्या भांड्यांत त्यांची गणना होते.

मग सुमारे ३,८०० वर्षांपूर्वी ही गावं रिकामी झाली. का? जॉर्जिया विद्यापीठाच्या व्हिक्टर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिंपल्यांचं मोजमाप केलं. काळ पुढे सरकतो तशी कालवं लहान होत गेलेली दिसली आणि पाण्याचा खारेपणाही बदललेला दिसला. त्या काळात समुद्राची पातळी खाली गेली होती, त्यामुळे कालवांच्या जागाच बिघडल्या. लोकांनी आपली राहणी बदलली आणि जागा सोडली. त्यांना ते जमलं, कारण पुढे जायला मोकळी जमीन होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढे या किनाऱ्यावर ग्वाले लोक राहत होते. १६ व्या शतकात स्पॅनिश आले. १७ व्या शतकात सॅपेलोवर त्यांचं 'सान होसे दे सापाला' नावाचं मिशन होतं. बेटाचं आजचं नाव त्या 'सापाला'वरूनच आलं. रोगराई, सक्ती आणि हल्ले यांत ग्वाले लोक घटत गेले आणि १६८० च्या दशकात मिशनही उठलं.

१८०२ मध्ये थॉमस स्पॉल्डिंग यांनी बेटाचा दक्षिण भाग घेतला. कापूस, ऊस आणि गुलामांचे कष्ट, असं ते साम्राज्य. आता एक गंमत बघा, खरं तर गंमत म्हणू नये. त्यांनी घर आणि साखरेचा कारखाना बांधला तो 'टॅबी' वापरून. टॅबी म्हणजे शिंपले भाजून केलेला चुना, वाळू, पाणी आणि वर अख्खे शिंपले. शिंपल्यांचा चुना कोकणालाही नवा नाही. पण या किनाऱ्यावर टॅबीसाठी शिंपले कुठून यायचे? बऱ्याचदा मूळ रहिवाशांच्या जुन्या ढिगाऱ्यांतून. म्हणजे एका समाजाचं गाव खणून दुसऱ्याची भिंत उभी राहिली, आणि ती उभी केली तिसऱ्या समाजाच्या हातांनी.

त्या तिसऱ्या समाजातला एक माणूस आपल्याला नावानिशी माहीत आहे: बिलाली मुहम्मद. जन्म पश्चिम आफ्रिकेत, आजच्या गिनी देशातल्या फुता जालोन भागातला. गुलाम म्हणून आधी बहामा, मग सॅपेलो. स्पॉल्डिंगच्या मळ्यावर तो मुकादम झाला. त्याने मागे ठेवलेलं अरबी लिपीतलं १३ पानांचं हस्तलिखित आज जॉर्जिया विद्यापीठात आहे. बरीच वर्षं लोक त्याला 'बिलालीची डायरी' म्हणत. १९३९-४० च्या सुमारास भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी नायजेरियातल्या विद्वानांच्या मदतीने ते वाचलं. ती डायरी नव्हती. ते होते १० व्या शतकातल्या इस्लामी धर्मशास्त्राच्या एका पाठ्यग्रंथातले उतारे, बहुधा आठवणीतून लिहिलेले. विचार करा, हजारो किलोमीटर दूर, दुसऱ्याच्या मालकीत जगणारा माणूस लहानपणी शिकलेला धडा उतरवून काढतोय.

१९३० च्या दशकात त्याच्या वंशजांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांत आज्या-पणज्यांच्या जपमाळा आणि नमाजाच्या वेळा येतात. तांदळाच्या गोड वड्या येतात, ज्यांना ते 'सराका' म्हणत. अरबी 'सदका', म्हणजे दान, हाच तो शब्द असं अभ्यासक मानतात. आपल्याकडेही 'सदका' शब्द ऐकू येतोच की!

जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या हुकुमाने या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवली गेली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती बहुतांश जुन्या मालकांकडे परत वळवली. लोकांनी मग वाट पाहिली नाही. १८७१ मध्ये सॅपेलोच्या मुक्त गुलामांनी पैसे जमवून रॅकून ब्लफ इथे ६६६ एकर जमीन विकत घेतली. दान नाही, खैरात नाही, खरेदीखत!

२० व्या शतकात पुन्हा श्रीमंत मालक आले. १९१२ मध्ये मोटार उद्योगातले हॉवर्ड कॉफिन, १९३४ मध्ये तंबाखू व्यवसायाचे वारसदार आर. जे. रेनॉल्ड्स. रेनॉल्ड्स यांच्या काळात बेटावरच्या विखुरलेल्या कृष्णवर्णीय वस्त्या हलवून सगळ्यांना हॉग हॅमॉक या एकाच गावात आणलं गेलं. जागा सुमारे ४३४ एकर. बिलालीच्या वंशज आणि लेखिका कॉर्नेलिया वॉकर बेली (१९४५-२०१७) यांनी या स्थलांतरातली दडपणं आपल्या आठवणींत सांगितली आहेत. दुसरीकडे, याच रेनॉल्ड्स यांच्या मदतीने १९५३ मध्ये विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र इथे सुरू झालं. खारी दलदल ही निकामी जागा नसून अन्न आणि ऊर्जेचं कोठार आहे, हे जगाला पटवणारं बरंचसं काम इथलंच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आज बेटाचा बहुतेक भाग राज्य सरकारकडे आहे. हॉग हॅमॉकमध्ये गला-गीची समाजाची मोजकीच माणसं उरलीत. त्यांची अडचण आपल्याला पटकन कळेल. पिढ्यान् पिढ्या मृत्युपत्र नाही, वाटणी नाही, एका जमिनीवर अनेक वारसांची नावं. आपल्या सातबाऱ्यासारखंच! त्यात बाहेरचे लोक सुट्टीची घरं बांधतात, भाव चढतात, आणि २०१२ च्या सुमारास मालमत्ता कर एकदम वाढला. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटीने घराच्या आकाराची मर्यादा १,४०० वरून ३,००० चौरस फूट केली. मोठी घरं आली की कर आणखी वाढेल आणि आपण बाहेर पडू, ही तिथल्या लोकांची भीती. ते कोर्टात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेटाच्या सांस्कृतिक दिनी धक्क्यावरचा जोडपूल कोसळला आणि ७ जणांचा जीव गेला.

आणि समुद्र? तो आता चढतोय. ४,००० वर्षांपूर्वी पाणी बदललं तेव्हा कड्यांवरचे लोक उठून गेले. आजच्या लोकांना तसं उठून जाणं परवडणारं नाही. जमीन सोडली की ती परत मिळत नाही, हे त्यांनी १८६५ मध्येच पाहिलंय. म्हणून सॅपेलोचं पुरातत्त्व हे फक्त जुन्या शिंपल्यांचं काम नाही. कोण कुठे राहत होतं याचा प्रत्येक पुरावा 'आम्ही इथले आहोत' या म्हणण्याला आधार देतो.

तुमच्या गावच्या किनाऱ्यावर, खाडीकाठी असे शिंपल्यांचे ढीग किंवा जुन्या चुनाभट्ट्या असतील तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा नक्की विचारा. आणि काय ऐकलंत ते आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात!