एकट्याचा वाद्यवृंद

नवं प्रोजेक्ट उघडताना रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एक आकडा आधीच भरून ठेवतं: ४४,१००. एका सेकंदात आवाजाची किती मोजमापं घ्यायची, तो हा आकडा. चाळीस हजार नाही, पन्नास हजार नाही, मधलंच हे काय? शास्त्र यावर अर्धंच उत्तर देतं. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि मोजमापं त्याच्या दुपटीहून थोडी जास्त लागतात, इतकंच ते सांगतं. उरलेला हिशेब व्हिडिओ टेपचा आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल आवाज साठवायला सोयीची जागा व्हिडिओ टेपवरच मिळत असे, म्हणून आवाजाचे आकडे चित्रातल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांसारखे टेपवर उतरवले जात. अमेरिकी आणि जपानी पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), प्रत्येक फील्डमध्ये वापरता येतील अशा २४५ ओळी, ओळीत ३ नमुने, गुणाकार ४४,१००. युरोपात ५० फील्ड, २९४ ओळी, ३ नमुने, उत्तर तेच. १९८२ साली सीडीने हा आकडा घेतला आणि व्हिडिओ टेप इतिहासजमा झाल्यावरही तो मागे राहिला.

या सॉफ्टवेअरमध्ये अशा गेलेल्या यंत्रांच्या खुणा जागोजागी सापडतात. आपल्याला वाटतं, आधी मोठा स्टुडिओ आणि मग त्याची स्वस्तातली नक्कल म्हणजे घरचा कोपरा. वंशावळ मांडायला बसलं की हा क्रम टिकत नाही. एकावर एक ट्रॅक चढवत गाणं बांधायची जी पद्धत आज घरोघरी चालते, ती रुजली घरातच. मोठ्या स्टुडिओने ती उचलली, भरमसाट महाग केली, आणि तीसेक वर्षांनी ती पुन्हा घरी आली.

मूळ शोधायला ड्रेस्डेनला जावं लागतं. फ्रिट्झ फ्लॉयमर तिथे सिगारेटच्या टोकाला धातूची चमकदार पट्टी चढवण्याचं तंत्र बसवत होता. कागदावर एक पूड बसते तर चुंबकीय पूडही बसेल, या विचारातून त्याने १९२८ साली टेपचं पेटंट घेतलं. त्यावरून एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन तयार करून १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडला. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्करातल्या जॅक मुलिनने जर्मनीतून दोन मॅग्नेटोफोन आणि टेपची ५० रिळं मायदेशी पाठवली. गायक बिंग क्रॉस्बीला ती देवाने धाडल्यासारखी वाटली असावीत. देशाच्या दोन किनाऱ्यांवरच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे एकच रेडिओ कार्यक्रम दोनदा थेट करावा लागे आणि त्याला त्याचा मनस्वी कंटाळा होता. १९४७पासून त्याचा कार्यक्रम टेपवर जाऊ लागला. अँपेक्स या छोट्या कंपनीला त्याने ५०,००० डॉलर दिले. ध्वनिमुद्रणाचा इतिहास आळसाचा बराच देणेकरी आहे.

क्रॉस्बीने अँपेक्सचं एक यंत्र गिटारवादक लेस पॉलला भेट दिलं. या गृहस्थाने त्याआधीच हॉलिवूडमधल्या आपल्या गॅरेजात तबकडी कापायचं यंत्र जुळवलं होतं, त्यात कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील बसवलेलं. एका तबकडीवर गिटार वाजवायची, ती लावून तिच्यासोबत दुसऱ्या तबकडीवर आणखी एक वाजवायची, असं करत त्याने १९४८ साली ‘लव्हर’ प्रसिद्ध केलं. सगळ्या गिटारी त्याच्या एकट्याच्याच. टेप हाती आल्यावर त्याने यंत्रात एक जास्तीचं हेड बसवलं. जुना आवाज वाचायचा, त्यात नवा मिसळायचा आणि दोन्ही पुन्हा त्याच टेपवर उतरवायचे. नवा थर चढला की जुना पुसला जाई. दहाव्या थराला बोट चुकलं की पहिल्यापासून सुरुवात. पत्नी मेरी फोर्डबरोबरचं, १९५१ साली गाजलेलं ‘हाउ हाय द मून’ असंच, न्यूयॉर्कमधल्या जॅक्सन हाइट्सच्या राहत्या घरात बांधलेलं. आज तिथे देशी किराण्याची आणि मिठाईची दुकानं आहेत. आपल्याला अंडूचं बटण फुकट मिळालं म्हणून त्याची किंमत कळत नाही. या नवराबायकोला नक्की कळली असती.

लेस पॉलला हवं होतं ते यंत्र अँपेक्सने १९५७ साली बनवून दिलं: आठ ट्रॅक, किंमत सुमारे १०,००० डॉलर. त्यातली खरी करामत कानात होती. टेपयंत्रात नोंदणारं हेड वेगळं आणि वाजवणारं वेगळं, मध्ये थोडं अंतर. जुना ट्रॅक वाजवणाऱ्या हेडवरून ऐकत नवा नोंदवला, तर तो त्या अंतराइतका मागे पडणार. अँपेक्सने नोंदणाऱ्या हेडकडूनच जुने ट्रॅक वाचून घेतले आणि ताळमेळ जमला. हाच प्रश्न संगणकात वेष बदलून परत आला. तिथे आवाज बफरमध्ये थांबतो. १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज किंचित मागून आला की कसलेला गायकही अडखळतो. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आसिओ हा ड्रायव्हर आणला तो या लेटन्सीवर उपाय म्हणून. चाळीस वर्षांचं अंतर, दुखणं तेच.

साठच्या दशकात हे तंत्र मोठ्या स्टुडिओंचं झालं. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ १९६७ साली चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चार भरले की दुसऱ्या यंत्रावर एकत्र करून जागा मोकळी करायची. मग सोळा, चोवीस ट्रॅक आले, भाडी वाढली. परतीची वाट १९७९ साली जपानी टेस्कॅमच्या पोर्टास्टुडिओने उघडली: साधी कॅसेट, दुप्पट वेग, चार ट्रॅक, सोबत मिक्सर. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या घरी त्यावर काही गाणी नमुना म्हणून भरली. पुढे बँडबरोबर पुन्हा वाजवून पाहिली, ती जमेनात. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ म्हणून बाजारात आली.

एव्हाना संगणक दुसऱ्याच दारातून आत शिरत होता. युटा विद्यापीठातले थॉमस स्टॉकहॅम आवाजाचं आकड्यांत रूपांतर करून तो दुरुस्त करण्यावर काम करत होते. वॉटरगेट प्रकरणातल्या टेपमधली साडेअठरा मिनिटांची पोकळी तपासणाऱ्या तज्ज्ञांत तेही होते. त्यांच्या साउंडस्ट्रीम कंपनीत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संगणकावर संकलन होऊ लागलं. टेप ब्लेडने कापायची, तिरक्या कापाला चिकटपट्टी लावायची, हे तोवरचं संकलन. आता मूळ आवाजाला हात न लावता ‘इथून इथपर्यंत वाजव’ एवढीच सूचना लिहून ठेवता येऊ लागली. सॉफ्टवेअरमधली कात्री खरं तर काहीच कापत नाही.

पण घरात डिजिटल आवाज मावत नव्हता. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट खातो. ४० मेगाबाइटच्या डिस्कवर एक गाणं जेमतेम बसणार. म्हणून घरी आधी पोचल्या त्या सुरांच्या नुसत्या सूचना. १९८३ साली आलेल्या मिडीमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली एवढंच असतं. १९८५च्या अटारी एसटी संगणकात मिडीची भोकं मुळातच होती. त्यावर हॅम्बर्गच्या स्टाइनबर्गने १९८९ साली क्यूबेस आणलं: डावीकडून उजवीकडे वेळ, वरून खाली वाद्यं, मध्ये सरकवता येणारे ठोकळे. आज बहुतेक सॉफ्टवेअरचा चेहरा हाच आहे. दुसरं घराणं टेपवाल्यांचं: कॅलिफोर्नियातल्या डिजिडिझाइनचं प्रो टूल्स, १९९१, सुरुवातीला चार ट्रॅक आणि ६,००० डॉलर. नव्वदच्या दशकात दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली. १९९६ साली क्यूबेसमध्ये व्हीएसटी प्लगइन आल्यावर इको आणि रिव्हर्बचे डबेही पडद्यात गेले.

क्यूबेसच्या घराण्याने एक हट्टही वारशात दिला: चौकटी. मिडी फाइलला वेग सांगितला नाही, तर ती मिनिटाला १२० मात्रा धरून चालते. सप्तकाचे बारा समान तुकडे आणि चार-चारचे बार गृहीत असतात. ढोलकीवाला सम गाठण्याआधी लय किंचित ताणतो, तो ताण क्वांटाइझ केला, म्हणजे चौकटीला चिकटवला, की लावणी कवायत करू लागते. विलंबित ख्याल चढत चढत कुठे जातो हे ग्रिडला ठाऊक नसतं. तो मुद्रित करणारे जाणते लोक ग्रिड बंदच ठेवतात आणि संगणकाला टेप समजून वापरतात. सूर दुरुस्त करणाऱ्या ऑटो-ट्यूनचंही तसंच. तेलशोधासाठी भूकंपलहरींचा अभ्यास केलेल्या अँडी हिल्डेब्रँडने १९९७ साली ते आणलं. बारा स्वरांच्या गाण्याला ते मानवतं. दरबारीतल्या आंदोलित गंधाराला मात्र ते चूक समजून सरळ करतं. पाश्चात्त्य पॉपचे नियम शिकलेल्या यंत्राकडून याहून वेगळं काय होणार?

आपल्याकडे हा वारसा आला तेव्हा समोर एक निराळीच परंपरा उभी होती. मुंबईत फिल्मी गाण्याला दीर्घकाळ मोठा वाद्यवृंद एकत्र बसे. त्यातले अनेक व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले गोव्याचे, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले. सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे अरेंजर प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहीत. मल्टीट्रॅक कागदावरच तयार असे. एकाचं चुकलं की सगळ्यांचा रीटेक. मग १९८९ साली ए. आर. रहमानने चेन्नईतल्या घराच्या आवारात स्टुडिओ उभा केला आणि १९९२च्या ‘रोजा’ने त्या कामाचा आवाज देशभर नेला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत मुंबईतले एकत्र वाजवणारे ताफे पांगले. जी कामं उरली, त्यांत वादक एकेकटा येऊन आपला तुकडा भरून जाऊ लागला. एकट्याने वाद्यवृंद व्हायची मुभा लेस पॉलला मिळाली, तिची किंमत मडगाव-म्हापशाहून आलेल्या वादकांच्या घरांनी मोजली. घरच्या स्टुडिओचं कौतुक करताना हे सहसा वगळलं जातं.

पुढचा भाग थोडक्यात उरकतो. फुकटचं ऑडॅसिटी, मॅकबरोबर येणारं गॅरेजबँड, स्वस्तातलं रीपर. पैशाची अडचण जवळजवळ संपली. बेल्जियममधलं फ्रूटीलूप्स, आताचं एफएल स्टुडिओ, आपल्या तालुक्याच्या गावांतही पोचलं आणि गणपती-जयंतीच्या मिरवणुकांतले डीजे मिक्स त्यावर बनू लागले. त्या मिक्सच्या आवाजावर कितीही वाद घाला, ही पोरं लेस पॉलच्या सरळ वारसदारांपैकी आहेत. आता अडचण उरली खोलीची. भिंतीला गोधड्या, कपाटाचं दार उघडं ठेवून आतल्या कपड्यांना आवाज शोषायला लावायचं, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून टेक घ्यायचा. पंखा बंद करून मे महिन्यात गायलेल्या प्रेमगीतात जो व्याकूळपणा येतो, तो सगळाच प्रेमाचा नसतो.

या वंशावळीत एक उलटी गोष्टही आहे. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी जर्मनीत लुडविगसहाफेन इथे टॉमस बीचमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम टेपवर घेतला गेला, तो आजही ऐकता येतो. वीस वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर केलेलं प्रोजेक्ट मात्र उघडेलच असं नाही. प्लगइन बनवणारी कंपनी बंद पडलेली असते, नाहीतर नवा संगणक जुनं प्लगइन ओळखत नाही. पडद्यावर ठोकळे सगळे जागच्या जागी दिसतात, आवाज येत नाही. म्हणून गाणं पुरं झालं की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळ्या साध्या वेव्ह फाइलमध्ये उतरवून ठेवावा, वेग आणि पट्टी फाइलच्या नावातच लिहावी, आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवावी.