उंदीर पडले की गाव सोडा

भगूर म्हटलं की आपल्याला सावरकर आठवतात. नाशिकजवळच्या या गावाची दुसरी आठवण प्लेगची आहे. १८९९ साली सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगनेच गेले. मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग ओळखला होता. मग मधल्या काळात सरकारने लोकांना सांगितलं तरी काय?

सांगण्यासारखं हातात फारसं नव्हतं, हे मान्य. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो हे सिमाँने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि तेही बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. गंमत बघा... आपल्याकडे गावोगाव लोकांना एवढं कळलं होतं, की घरात उंदीर मरून पडायला लागले की चंबूगबाळं उचलायचं आणि शिवारात झोपडी बांधायची. फुकटची अलर्ट सिस्टीम!

सरकारचा भर मात्र हुकमावर. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा इनमीन चार कलमांचा. जाहीर नोटीस काढून नियम करा, मोडेल त्याला शिक्षा करा, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा नाही. समजावून सांगा, असं त्यात कुठेच नाही. (आमच्याकडे रिलीज नोट्सशिवाय थेट प्रॉडक्शनवर टाकतात, तसं.) १३ मार्चला पुण्यात रँडने घरझडतीला गोरे सोल्जर पाठवले. लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. टिळक तेव्हा पुणे सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचं हॉस्पिटल काढलं. त्यांचा राग झडतीच्या पद्धतीवर होता, रुग्णाला वेगळं ठेवण्यावर नव्हे. म्हणजे लोक ज्याचं ऐकतील असा माणूस हाताशी होता! २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. असो.

हाच कायदा आपल्या राज्याने करोनासाठी लागू केला तो १३ मार्च २०२० पासून. तारखेचा निव्वळ योगायोग. एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात साथ भडकली ती मालेगावात. तिथे गाजला तो युनानी कॉलेजातला मन्सुरा काढा. बाहेरगावाहूनही त्याला मागणी आली. त्याने करोना बरा होतो याचा पुरावा मला तरी भक्कम वाटत नाही. पण तो देणारे हकीम गावातलेच होते, आणि बोलत होते उर्दूत.