सात शब्द

इस्लाम आणि लोकशाही यांचं कधी जमायचं नाही, असं ठामपणे सांगणारी माणसं मला सकाळी फिरायला गेलं की भेटतात. धर्मबिर्म काही नाही हो, सगळं तेलाचं राजकारण आहे, असं सांगणारीही भेटतात. दोघांनाही मी एकच विचारतो, मग इंडोनेशियाचं काय? त्यावर बहुधा विषय हवापाण्यावर जातो.

त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही वर्गात इंडोनेशिया शिकवला तो बांडुंग परिषदेपुरता. १९५५ साल, एकोणतीस देश, नेहरू आणि सुकर्णो, की धडा संपला. पण अठ्ठावीस कोटींच्या आसपास लोकसंख्या, त्यात शेकडा सत्त्याऐंशीच्या घरात मुसलमान, आणि तरीही राज्याचा अधिकृत धर्म इस्लाम नाही, हे कसं झालं? ही गोष्ट फक्त सात शब्दांभोवती फिरते. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

१९४५ साली जपान युद्ध हरत चालला होता आणि जाता जाता इंडोनेशियाला स्वातंत्र्य देण्याची तयारी दाखवत होता. घटनेचा विचार करायला एक समिती बसली. १ जून १९४५ रोजी सुकर्णोंनी तिच्यापुढे राज्याची पाच तत्त्वं मांडली आणि त्यांना नाव दिलं 'पंचसिला', म्हणजे आपलं पंचशील. (मुसलमान बहुसंख्येच्या देशाने राज्याच्या पायाला संस्कृत नाव द्यावं आणि राजचिन्ह म्हणून गरुड घ्यावा, हे आपल्याकडच्या कित्येकांच्या गळी उतरत नाही.) यातलं एक तत्त्व ईश्वरावरच्या श्रद्धेचं. पण इस्लामी नेत्यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. मग नऊ जणांची एक छोटी समिती झाली. त्यात आठ मुसलमान आणि मारामिस हे एक ख्रिस्ती. २२ जूनला त्यांनी जो मसुदा केला तो 'जकार्ता सनद' म्हणून ओळखला जातो. ईश्वरश्रद्धेच्या तत्त्वापुढे तिथे एक पुस्ती जोडली होती, ती अशी की इस्लामच्या अनुयायांवर शरियत पाळण्याचं बंधन राहील. त्यांच्या भाषेत हे बरोबर सात शब्द होतात.

१७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर झालं. घटना दुसऱ्या दिवशी मंजूर व्हायची होती. हट्टा पुढे सांगतात की त्या संध्याकाळी एक जपानी आरमारी अधिकारी त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, पूर्वेकडच्या बेटांवरच्या ख्रिस्ती लोकांना ते शब्द मान्य नाहीत. ते राहिले तर ती मंडळी प्रजासत्ताकात यायची नाहीत. डच परत येणार हे तर दिसतच होतं. देश एक दिवसाचा, आणि पूर्वेकडचा भाग तुटायला निघालेला!

१८ तारखेला सकाळी बैठकीआधी हट्टांनी मोजक्या इस्लामी नेत्यांना बाजूला घेतलं. ते लिहितात, पंधरा मिनिटांच्या आत एकमत झालं. सात शब्द गेले, आणि तिथे 'एकमेव परमेश्वर' या अर्थाचे शब्द आले. राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असावा ही अटही गेली. या नेत्यांत वाहिद हाशिम होते असं हट्टा म्हणतात. ते त्या दिवशी जकार्तातच नव्हते असं दुसरे सांगतात.

पण ती पंधरा मिनिटं वाटतात तितकी सरळ नव्हती. मुहम्मदिया या मोठ्या धार्मिक संघटनेचे की बागुस हादिकुसुमो अडून बसले होते. त्यांची समजूत घालायचं काम कासमान सिंगोदिमेजो यांच्याकडे आलं. ते त्यांच्याशी जावानीज भाषेत, घरच्यासारखं बोलले. सुकर्णो सांगतच होते की ही घटना तात्पुरती आहे, घाईची आहे, पुढे नीट घटना करू, तेव्हा तुमचं म्हणणं मांडा. की बागुस शेवटी तयार झाले. ती 'पुढची' घटना त्यांना पाहायला मिळाली नाही; ते १९५४ साली वारले. कासमान यांना आपल्या मध्यस्थीची खंत आयुष्यभर राहिली.

माझं मत विचाराल तर ते शब्द काढले हे योग्यच झालं. पण ज्या रीतीने काढले तिचं व्याज पुढे अनेक वर्षं भरावं लागलं. आपल्याकडे १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती आणली. भर सभेत चर्चा झाली, मतं मोजली, ४१ विरुद्ध ६८. कामत हरले, पण आपल्याला फसवलं असं म्हणायला जागा उरली नाही. जकार्तात मतदान झालंच नव्हतं. काहींनी शस्त्रंच उचलली. कार्तोसुविर्यो यांनी १९४९ साली पश्चिम जावात इस्लामी राज्य जाहीर केलं आणि ते बंड १९६२ पर्यंत चाललं.

१९५५ ची निवडणूक मात्र सुरेख झाली. राष्ट्रवादी पक्षाला २२ टक्के, मस्युमी या इस्लामी पक्षाला २१, नहदतुल उलामाला १८ आणि कम्युनिस्टांना १६ टक्के मतं. म्हणजे कोणालाच बहुमत नाही. नवी संविधान सभा बसली, आणि सात शब्दांचा विषय पुन्हा निघाला. २९ मे १९५९ रोजी अखेर मतदान झालं, २०१ बाजूने आणि २६५ विरुद्ध. जुनी घटनाच परत आणावी या सरकारी ठरावालाही दोन तृतीयांश मतं मिळेनात. तेव्हा ५ जुलैला सुकर्णोंनी हुकूम काढून सभाच बरखास्त केली आणि १९४५ ची घटना परत आणली. हुकमात एक मखलाशी होती, जकार्ता सनद ही या घटनेचा प्राण आहे म्हणून! प्राण म्हणजे कायदा की नुसता आशीर्वाद, यावर तिथले लोक कित्येक वर्षं भांडले.

धर्मामुळे लोकशाही बुडाली असं म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. सभा गुंडाळली ती राष्ट्रवादी सुकर्णोंनी, पाठीशी लष्कर होतं. आणि बाहेरचे देश? १९५८ साली सुमात्रा आणि सुलावेसीतल्या बंडखोरांना अमेरिकेची सीआयए चोरून विमानं आणि शस्त्रं पुरवत होती. मस्युमीचे नात्सिर त्या बंडात सामील झाले. कम्युनिस्टांविरुद्ध असले की इस्लामी पक्ष तेव्हा वॉशिंग्टनला चालत असे. १९६० साली मस्युमीवर बंदी आली. पुढे १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट म्हणून निदान पाच लाख माणसं मारली गेली. ते लष्कराने घडवलं, आणि नहदतुल उलामाची तरुण पोरं त्यात हिरिरीने होती. पाश्चात्त्य सरकारं समाधानाने पाहत राहिली. मग सुहार्तोंची बत्तीस वर्षं. त्यांनी सगळ्या संघटनांना पंचसिला हेच एकमेव अधिष्ठान मानायची सक्ती केली. सर्वधर्मसमभावसुद्धा बंदुकीच्या धाकाने लादता येतो, त्याचा हा नमुना.

१९९८ साली सुहार्तो गेले. वर्षभरात मोकळी निवडणूक झाली आणि राष्ट्राध्यक्ष झाले अब्दुर्रहमान वाहिद. वाहिद हाशिम यांचेच चिरंजीव, नहदतुल उलामाचे पुढारी, दृष्टी जवळजवळ गेलेली. चिनी वंशाच्या लोकांच्या सणउत्सवांवरची जुनी बंदी त्यांनी २००० साली उठवली. कारभार त्यांना जमला नाही, २००१ मध्ये त्यांना काढलं. असो.

२००२ साली घटनादुरुस्ती चालू असताना दोन इस्लामी पक्षांनी ते सात शब्द परत मागितले. यातल्या एका पक्षाचा अध्यक्ष तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होता, म्हणजे मागणी किरकोळ माणसांची नव्हती. विरोध कोणी केला? नहदतुल उलामा आणि मुहम्मदिया या दोन सर्वांत मोठ्या धार्मिक संघटनांनी. की बागुस यांच्याच मुहम्मदियाने! त्यांचं म्हणणं असं की धर्म पाळायला पोलीस लागत नाहीत. ऑगस्टमध्ये तो प्रस्ताव बारगळला. ऑक्टोबरात बालीत बॉम्ब फुटले, २०२ माणसं गेली, आणि जगाच्या लक्षात राहिला तो ऑक्टोबर.

पण इथे टाळ्या वाजवून थांबता येत नाही. सुकर्णोंनी १९६५ साली ईशनिंदेविरुद्ध एक हुकूम काढला होता, तो कायदा म्हणून टिकला आहे. तो रद्द करावा म्हणून जे कोर्टात गेले त्यांत माजी राष्ट्राध्यक्ष वाहिद होते. डिसेंबर २००९ मध्ये ते वारले. एप्रिल २०१० मध्ये घटना न्यायालयाने कायदा वैध ठरवला. २०१६ साली जकार्ताचे गव्हर्नर बासुकी पुर्नामा, चिनी वंशाचे ख्रिस्ती, प्रचारात कुराणातल्या एका आयतीचा उल्लेख करून बसले. लाखो लोक रस्त्यावर आले. पुर्नामा निवडणूक हरले आणि मे २०१७ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, त्याच १९६५ च्या हुकमाने दंडसंहितेत घातलेल्या कलमाखाली. त्यांच्या बोलण्यात ईशनिंदा आहे असं मत उलेमा परिषदेने दिलं होतं. परिषदेचे अध्यक्ष मारूफ अमीन हे नहदतुल उलामाचेच वडीलधारे. जानेवारी २०१९ मध्ये पुर्नामा तुरुंगातून सुटले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमीन यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. सात शब्द नसलेल्या घटनेची.