चित्रनलिकेचा पाठ

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका परिचितांकडे मध्यंतरी जाणे झाले. माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला एकवीस इंची रंगीत दूरचित्रवाणी संच त्यांच्या चिरंजीवांनी खाली उतरवला होता. सुताराकडून प्लायवूडची उभी पेटी करून घेऊन त्यांनी तो तिच्यात बसवला होता. पुढे खेळाची दांडी आणि सहा बटणे, मागे तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक आणि त्यापासून संचाच्या पिवळ्या खोबणीत गेलेली एक तार, एवढाच सगळा संसार. एकेकाळी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपया टाकून खेळले जाणारे खेळ आता त्या पडद्यावर चालत होते. "भंगारात घालायचं सोडून हे काय मांडलंयस रे?" असे आजी विचारत होत्या. त्यांचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. प्रस्तुत लेख हा त्याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

अशा उद्योगाला आपण 'स्मरणरंजन' म्हणून मोकळे होतो. मात्र इतिहास पाहता जुन्या यंत्राला नव्या कामाला जुंपणे ही या माध्यमाची जन्मकथाच आहे. १९७२ साली अमेरिकेत ॲटारी कंपनीच्या ॲलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' या खेळाचा पहिला नमुना तयार केला. त्यासाठी त्यांनी वापरला तो दुकानातून आणलेला हिताची कंपनीचा घरगुती कृष्णधवल दूरचित्रवाणी संच. तो लाकडी पेटीत बसवून सनीव्हेल येथील एका मद्यगृहात ठेवण्यात आला. म्हणजे पार्लरमधले यंत्र मुळात घरच्या संचातूनच निपजले. मंगळवार पेठेतील पेटीने त्याला पुन्हा घरी आणले आहे. योगायोग असा की, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. रंगीत प्रक्षेपणासाठी मात्र आपल्याला १९८२ पर्यंत थांबावे लागले.

कोल्हापूरला हा मार्ग त्याआधीपासून ठाऊक होता. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू चलच्चित्रांकडे वळले, तेव्हा त्यांच्या हाताशी होता तो मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला एक प्रक्षेपक. चित्र दाखवणारे यंत्र उघडून पाहता पाहता चित्र टिपणारे यंत्र करण्याची ईर्षा त्यांच्या मनात उत्पन्न झाली. १९१६ साली आनंदराव निवर्तले. पुढे दामल्यांसारख्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. यंत्र उघडल्याखेरीज ते आपले होत नाही, हा या शहराचा जुना धडा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. बाबूराव जुन्यातून नव्याकडे गेले. हा तरुण मात्र जुन्यातून जुन्याकडेच जातो आहे. मग दोघांची तुलना कशी करावी? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेल्या पाठचिकित्सेत सापडावे.

चित्रनलिकेत प्रतिमा एकदम उमटत नाही. इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील लेपावर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखत खाली येतो. आपल्या पाल पद्धतीत एका सेकंदात अशा १५,६२५ ओळी रेखल्या जातात. जुन्या खेळांच्या चित्रकारांनी याच लेखणीसाठी चित्रे काढली. दोन ओळींमधली काळी फट आणि शेजारच्या रंगांचे किंचित एकमेकांत मिसळणे त्यांनी गृहीत धरले होते. ठिपक्यांच्या एकाआड एक जाळीतून धबधब्याचे पाणी किंवा धुके सुचवायचे आणि उरलेले काम पडद्याच्या मंद धूसरतेवर सोपवायचे, अशी ती रीत. आजच्या सपाट पडद्यावर तेच चित्र चौकटी-चौकटींचे, उघडेवाघडे दिसते. प्रकाश ओळखणाऱ्या बंदुकीने बदके टिपण्याचा खेळ तर तेथे चालतच नाही. कारण झोत पडद्यावर येण्याच्या नेमक्या क्षणावर तिची सारी मदार होती. तेव्हा खेळाची संगणकीय संहिता हा अर्धाच पाठ होय; उरलेला अर्धा काचेत असतो.

आणि ती काच आता नव्याने घडत नाही. मराठवाड्यात वाढलेली व्हिडिओकॉन जगातील अखेरच्या चित्रनलिका-उत्पादकांपैकी एक होती. तिचेही ते काम थांबले. शिल्लक नळ्या झिजत आहेत. त्यांच्या काचेत शिसे असल्याने त्या कशाही फोडून टाकणे घातक आहे आणि त्या हाताळणेही सोपे नाही. रंगीत नळीच्या ॲनोडवर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि संच बंद केल्यावरही तो बराच काळ रेंगाळतो. म्हणूनच त्या तरुणाने मागचे झाकण स्वतः न उघडता पेठेतील एका जुन्या कारागिराला बोलावले. टीव्ही दुरुस्तीचा धंदा त्यांनी केव्हाच सोडला होता. नळीवरचा विद्युतभार कसा उतरवावा, हे मात्र त्यांच्या हातांना आठवत होते. ते ज्ञान कोणत्याही पुस्तकातून त्या घरात आले नसते.

खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे. त्या कॅमेऱ्याच्या युगातला 'सैरंध्री' मात्र आज पाहायला मिळत नाही. तेथे यंत्राची आठवण राहिली आणि कृती गेली. खेळांच्या बाबतीत नेमके उलट घडते आहे. त्यांच्या संहिता हव्या तितक्या प्रतींत उपलब्ध आहेत, पण त्या ज्यावर वाचायच्या ते यंत्र भंगाराच्या गाड्यावर चालले आहे. आजींच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे, की भंगारात जाणारी वस्तू नव्हे, तर एक वाचनपद्धती त्या पेटीत काही काळ थांबली आहे. ती किती वर्षे थांबेल, हे नळीच्या आयुष्यावर अवलंबून आहे. आणि त्या कारागिराकडून ते झाकण सुरक्षितपणे उघडायला कोणी शिकले का, यावरही.