प्लेग, पार्क आणि आपला ‘ओपन स्पेस’

सभा, ठराव, पाण्याची टाकी यांवर या अंकात इतरांनी लिहिलेच आहे. मी नकाशावरच्या एका चौकोनाबद्दल लिहितो. त्यावर ‘ओपन स्पेस’ एवढेच छापलेले असते. बँकेत घरकर्जाच्या फायलींत असे चौकोन मी पुष्कळ पाहिले.

ही गोष्ट मागे जाते ती थेट मुंबईच्या प्लेगपर्यंत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पिसवांमुळे रोग पसरतो हे तेव्हा नीट ठाऊक नव्हते, सगळा दोष कोंदट हवेवर आणि दाटीवर गेला. निदान अर्धवट, पण उपाय कामाचा निघाला! १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, घरात हवा-उजेड आणि वस्तीत मोकळी जागा या विचाराने दादर-माटुंगा वसले. १९२५ मध्ये तिथले माहीम पार्क लोकांना खुले झाले. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचे नाव शिवाजी पार्क झाले. त्याच्या कट्ट्यावर चालणाऱ्यांइतकेच बसणारे दिसतात, आणि त्यात वावगे काही नाही. म्हातारपणी रोज चार माणसांशी बोलणे होते, हे काय कमी आहे?

आपल्या परभणीत जागेची अशी टंचाई नव्हती. गाव संपले की शेत सुरू. १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ झाले, तिथली झाडी आहे. शहरात राजगोपालाचारी उद्यान आहे. पण सत्तरीनंतर रिक्षा करून फिरायला जायचे म्हणजे गंमतच! आठवड्याला किमान १५० मिनिटे चाला, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला की घराजवळ सावली असेल तरच ते जमते.

२०२० च्या राज्याच्या एकत्रित नियमावलीत ४००० चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआऊटला दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. नियम जागा राखतो, झाडे मात्र आपल्यालाच लावावी लागतात. आपल्या चौकोनात लिंबाची सात झाडे आहेत. मुलांचे क्रिकेट, बायकांची भिशी आणि करोनानंतरच्या पहिल्या भेटी त्यांच्याच खाली झाल्या.

आता तिथे लग्नकार्यासाठी पत्र्याचे सभागृह बांधावे, भाडे येईल, असा विषय आहे. बँकेतल्या माणसाला उत्पन्नाला नाही म्हणणे जड जाते. तरी माझे मत सभागृहाच्या विरोधात आहे. पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि त्यासाठी निदान चार लिंब तोडावे लागतील. खर्च करायचाच तर दोन दिवे लावा, पायवाट सपाट करा आणि पाठ टेकता येतील असे बाक बसवा. सिमेंटच्या ओट्यावर गुडघे धरून बसणारे आम्ही आठजण आहोत. सर्वसाधारण सभेला आठही येणार आहोत.